माल वाटेत फुटला नाही, फुटकाच पाठवला : ८४,७५० रुपयांना गंडवलं

सेकंडहँड ऑडिओ घेणाऱ्यांनी हे वाचाच. "ट्रान्सपोर्टमध्ये डॅमेज झालं हो, माझा काय दोष" असं कोण म्हणालं की गप्प बसणारे आपल्यात लई आहेत, आणि या लोकांचा धंदाच त्यावर चाललाय.

टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ घेतला, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचा टर्नटेबल, १९७९ पासूनचं मॉडेल, डायरेक्ट ड्राइव्ह, पट्टा नाही, मोटरच थेट फिरवते. विकणारा बेंगळुरूचा. टर्नटेबल ७८,०००, लाकडी क्रेट ३,५००, इन्शुरन्स १,८००, भाडं १,४५०. एकूण ८४,७५०. त्यातले ४०,००० ॲडव्हान्स आणि उरलेले ४४,७५० बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर, सगळं यूपीआयवर. आंधळेपणानं पाठवले असं कुणी म्हणू नका, व्हिडिओ कॉलवर मशीन चालताना बघितलं होतं, फिरत्या तबकडीच्या कडेचे स्ट्रोबचे ठिपके एका जागी स्थिर, म्हणजे वेग बरोबर, रेकॉर्ड लावून ऐकवली सुद्धा. आता वाटतंय ते मशीन हेच होतं का! मागच्या पट्टीवरचा सिरियल नंबर आणि फिरणारं प्लॅटर, म्हणजे ती तबकडी, एकाच व्हिडिओत मागा, कट न करता.

आणि ती बिल्टी. तिचा फोटो अजून मोबाईलमध्ये आहे, बघितला की डोकं फिरतं. "जुने घरगुती सामान, किंमत ५,०००, वजन १३ किलो." मी नेटवर एमके२ चं वजन बघितलं, १२.५ किलो. म्हटलं जुळतंय की, आणि ४४,७५० पाठवून मोकळा झालो. अहो नुसतं मशीनच साडेबारा किलोचं, मग साडेतीन हजारांचं लाकडी क्रेट काय अर्ध्या किलोत बसलं? पैसे तेव्हा माझ्या हातात होते, तिथंच थांबलं असतं सगळं. पण खरं सांगा, पॅकिंगचं वजन कोण मोजत बसतं? किंमत ५,००० का लिहिली हे मात्र मी विचारलं होतं. म्हणाला पन्नास हजारांच्या वर दाखवलं की जीएसटीच्या ई-वे बिलाची भानगड, तुमचाच माल अडकेल. नियम खराच आहे, म्हणून तर पटलं.

इथं कोल्हापुरात मार्केट यार्डाजवळच्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये आधी सही घेतली, मग खोकं हातात. "माल सुस्थितीत मिळाला" हे वाक्य पावतीवर छापलेलंच असतंय. ओपन डिलिव्हरी मागा, नाही दिली तर सहीच्या वर "न उघडता घेतला" असं हातानं लिहा, ते कितीही तोंड वाकडं करोत. क्रेट नव्हतंच, टीव्हीचं खोकं आणि रद्दी. प्लॅटर मधल्या स्पिंडलवर तसंच, काउंटरवेट, म्हणजे मागचं वजन, सुईच्या दांड्यावर, टोनआर्मवर, तसंच. प्लॅटर, सुई बसते ते हेडशेल आणि काउंटरवेट काढून वेगळे गुंडाळायचे आणि आर्म बांधायचा हे पोरगं पण सांगेल. टोनआर्मच्या बेसचं कास्टिंग चिरलेलं, आर्म धरून हलवला की खुळखुळ. आणि बाहेर खोक्याला पोचा नाही!

उद्यमनगरात फाउंड्रीवाला मित्र आहे, त्याला दाखवलं. बघितल्या बघितल्या म्हणाला, "भावा, हे काल-परवा तुटलेलं न्हाई." ॲल्युमिनियम ताजं तुटलं की आतून चकचकीत दिसतंय, हे करडं पडलेलं, वर चिकटवल्याचा पिवळा थर आणि त्यात धूळ. म्हणजे मशीन आधीच फुटकं होतं, ट्रान्सपोर्टवर बिल फाडायचं म्हणून रद्दीत गुंडाळून पाठवलं. इन्शुरन्सची पॉलिसी मागितली तर मला ब्लॉक.

आता पुढची गंमत ऐका. ट्रान्सपोर्टचा क्लार्क म्हणतो ओनर्स रिस्क आहे, म्हणजे जोखीम मालकाची, कागलपासून रस्ता बघितलाय का. रस्ता बघतोय की रोज, पण रस्त्यानं चिकटवल्याचा थर कसा लागतो ते सांग म्हटलं, तर चहा प्यायला गेला. नियमानं सुद्धा किंमत वेगळी जाहीर केली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापट एवढीच, माझे १४,५०० झाले असते, पण ते सुद्धा बिल्टीवर लिहिलेल्या किमतीच्या वर जात नाही, म्हणजे ५,०००. त्या भामट्याला हे सगळं पाठ असणार. पोलीस स्टेशनात साहेब विचारतात, "वस्तू मिळाली का? मिळाली. मग फसवणूक कसली? हे सिव्हिल मॅटर." मी म्हटलं फसवणुकीच्या जुन्या ४२० चं नव्या न्याय संहितेत आता ३१८ झालंय, गुन्हा तोच आहे. तर म्हणाले लई शिकलाय, मग बेंगळुरूला जाऊन द्या तक्रार. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचे, १९३० वाले म्हणाले पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीनं पाठवलेत. बँक पण तेच. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर कंपनीचं नाव काय विचारतात, कंपनी असती तर रडलो असतो कशाला? प्रत्येकाकडं दुसऱ्याचा नंबर आहे, स्वतःचं काम कुणाकडंच नाही. ७८,००० ची वस्तू म्हटल्यावर एकजण हसला वर, "गाणी मोबाईलवर ऐका की."

ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, त्यामुळं बेंगळुरूला जा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ट्रान्सपोर्टवर केस टाकायची तर आधी लेखी नोटीस, १८० दिवसांच्या आत. खोकं, रद्दी, चिकटपट्टी काही टाकू नका, माझ्या बायकोनं रद्दी जवळजवळ विकलीच होती.

तो माणूस एकच वस्तू विकणारा नाही, त्याच्या प्रोफाइलवर ॲम्प, स्पीकर, डेक सगळं होतं. हा हौशी नाही, व्यापारी आहे, एवढं आयोगापुढं दाखवलं की माझी केस उभी राहते. त्यामुळं बेंगळुरूहून क्रेट आणि इन्शुरन्सचे पैसे भरून रद्दीतला माल कुणाला आला असेल, तर बिल्टीचा फोटो घेऊन मला गाठा, तक्रार एकत्र करता येते.