पेट्रोल हायड्रोप्लेन अजून पळवायचीय: आधी इंजिन उघडायचं की आधी खालचा सेटअप बघायचा?

26 सीसीची आरसी (रेडिओ-कंट्रोल) हायड्रो आहे, म्हणजे पाण्यावरून घसरत पळणारी मॉडेल बोट, इंजिन नीट बसलंय, बोट चालते छान, पण सरळ रेषेत दुसऱ्याची बोट पुढे निघून जाते आणि मग डोक्यात एकच येतं की इंजिनला पोर्टिंग (सिलिंडरमधल्या पोर्टांचं म्हणजे वाटांचं घासकाम) करून घेऊ. बरेच जण इथेच येऊन थांबतात आणि विचारतात की हेड-सिलिंडरचं काम आधी करू की प्रॉप (पंखा), स्ट्रट (प्रॉपचा शाफ्ट मागे धरणारा कंस) आणि टर्न फिन (वळताना पाण्यात पकड देणारं पातं) यांत वेळ घालू. दोन्ही रस्ते शेजारी शेजारी ठेवून बघू. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे वाचताना अंदाज घ्यायला नको: ज्याची बोट अजून फुल थ्रॉटलला एकसारखी चालत नाही त्याने इंजिनला पाना लावू नये, आधी पाण्याखालचं आणि पाण्याला टेकणारं सगळं ठीक करावं. आणि हे मी पैसे वाचवायला सांगत नाहीये, वेग त्यातूनच येतो म्हणून सांगतोय.

थोडं गणित बघा. रेझिस्टन्सवर मात करायला लागणारी पॉवर ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या हिशोबाने वाढते. म्हणजे बोट 90 किमीवरून 100 वर न्यायची, बाकी काही बदललं नाही, तर सुमारे 37 टक्के जास्त पॉवर लागते. एवढी वाढ साध्या इंजिनमधून काढायची म्हणजे चांगलंच मोठं काम आहे, नुसतं पोर्ट थोडं घासून ती येत नाही. उलट तोच रेझिस्टन्स कमी केला, म्हणजे स्पॉन्सन (बोटीच्या बाजूचा, पाण्याला टेकणारा भाग) नको तेवढा पाण्यात घासत नाहीये, स्ट्रट नको तेवढा खोल नाहीये, टर्न फिन सरळ आहे आणि धारदार आहे, तर आहे त्याच इंजिनवर वेग मिळतो. आणि दुसरी गोष्ट, बोटीखाली शिरणाऱ्या हवेची लिफ्ट वेगाच्या वर्गाने वाढते, 90 चे 100 झाले की तीच बोट त्याच अँगलला 23 टक्के जास्त उचलली जाते. त्यामुळे नाक आधीच हलकं असलेल्या हलवर (बोटीच्या अंगावर) जास्त पॉवर टाकली की बोट वेगवान होत नाही, उलटी होते.

आता इंजिनची बाजू नीट समजून घेऊ, कारण तिचं आकर्षण खोटं नाहीये. आपण ज्या इंजिनबद्दल बोलतोय ते बहुतेक वेळा झेनोआ जी260 किंवा त्याच धाटणीचं असतं: बोअर 34 मिमी, स्ट्रोक 28 मिमी, 25.4 सीसी (बोलताना 26च म्हणतात), दोन स्ट्रोक, पिस्टन पोर्ट (पिस्टनच पोर्ट उघडतो-मिटतो), वर वॉल्ब्रोचा डायाफ्रॅम कार्ब (कार्बुरेटर) आणि सिलिंडरभोवती पाण्याचं जॅकेट. यात मुख्य कामं तीन. एक, एक्झॉस्ट पोर्ट वर उचलणं. त्याने पोर्ट लवकर उघडतं, वरच्या आरपीएमला इंजिन मोकळं श्वास घेतं, पण खालचा टॉर्क जातो, कारण सिलिंडरमध्ये अडकून दाबली जाणारी हवा कमी होते. दोन, स्क्विश (पिस्टन सगळ्यात वर असताना तो आणि हेड यांच्यातली फट) कमी करणं. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घालायची, क्रँक फिरवून पिस्टन टीडीसीवरून (त्याच्या सगळ्यात वरच्या जागेवरून) न्यायचा आणि चेपलेली तार मोजायची, दोन्ही बाजूंनी, पिनच्या रेषेत म्हणजे पिस्टन कलंडून खोटं माप देत नाही. बेस गॅस्केट पातळ करून स्क्विश कमी केला की कॉम्प्रेशन वाढतं, पण सिलिंडर खाली आल्याने सगळी पोर्टंही खाली येतात, म्हणजे पोर्टिंगने जे कमावलं त्यातलं थोडं परत गेलं. हे दोन्ही एकमेकांत अडकलेलं असतं, आणि जो मॉडिफायर हे न मोजता नुसतं ग्राइंडर फिरवतो त्याच्याकडे सिलिंडर देऊ नका. तीन, टायमिंग, म्हणजे ठिणगी केव्हा पडते ते. टायमिंग थोडं पुढे घेतलं (ठिणगी लवकर पाडली) तर खालच्या आरपीएमला जोर येतो, जास्त पुढे गेलं की डिटोनेशन (मिश्रण स्फोटासारखं पेटणं), आणि पिस्टनचा कडा खाल्लेला दिसतो तो तिथूनच.

या सगळ्याचा परिणाम म्हणजे पॉवर वर सरकते. पाण्यावर साधं, ट्यून्ड पाइप (दाबाच्या लाटांनी जोर वाढवणारा एक्झॉस्ट) लावलेलं इंजिन ढोबळमानाने 14 ते 17 हजार आरपीएममध्ये काम करतं, मॉडिफाय केलेलं त्याच्या वर जायला बघतं. पण त्याला तिथे जायला मिळालं पाहिजे ना! प्रॉप जुनाच राहिला, पाइपची लांबी जुनीच राहिली, तर टर्नमधून बाहेर पडताना बोट पाइपवर येतच नाही, म्हणजे पाइप जोर देतो त्या आरपीएमला पोचतच नाही, घुरघुरत राहते आणि मग लोक म्हणतात इंजिन फसलं. इंजिनचा रस्ता घेतला तरी सेटअपचं काम सुटत नाही, ते नव्याने करावंच लागतं. सेटअपच्या रस्त्याला मात्र इंजिनची वाट बघावी लागत नाही, हा दोन्हीतला मोठा फरक आहे.

आता पाण्याखालची बाजू, आणि इथे मी जास्त वेळ थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त वेग इथे पडून असतो.

प्रॉप. ऑक्टुरा कंपनीचा एक्स 467 म्हणजे 67 मिमी व्यास आणि पिच 1.4 पट, म्हणजे एका फेऱ्याला कागदावर 93.8 मिमी. 16 हजार आरपीएमला ते तासाला सुमारे 90 किमी होतात. प्रत्यक्षात स्लिप असते (प्रॉप पाण्यात थोडा घसरतो) आणि दुसरीकडे कप केलेल्या (मागची कड वाकवलेल्या) पात्याची खरी पिच छापलेल्या आकड्याहून जास्त असते, त्यामुळे हा आकडा तुलनेपुरताच वापरा, पण वापरा नक्की. त्याच सिरीजचा 70 मिमीचा घेतला तर फेऱ्याला 98 मिमी, ऐकायला चार मिमीच जास्त, पण लोड साधारण व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो आणि तो जवळपास 24 टक्के जास्त पडतो. सरफेस प्रॉप अर्धा पाण्याबाहेर असतो म्हणून हे अगदी काटेकोर बसत नाही, तरी दिशा तीच. म्हणून मोठा प्रॉप लावल्यावर बोट हळू झाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका, इंजिन आपल्या पॉवरबँडच्या खाली दबलंय एवढंच. एक माप लहान लावून बघा, कित्येकदा बोट पळायला लागते.

आणि तो प्रॉप कच्चा लावू नका, प्लीज. बेरिलियम कॉपरचे प्रॉप कास्टिंगमधून आलेले असतात, धार नसते, बॅलन्स नसतो, दोन पाती एकसारखीही नसतात. धार काढणं, बॅलन्स करणं आणि दोन्ही पात्यांची पिच सारखी आणणं, एवढ्याने फ्लेक्स केबल (इंजिनपासून प्रॉपपर्यंतचा लवचिक शाफ्ट) आणि स्ट्रटच्या बुशचं आयुष्य वाढतं आणि बोट गुळगुळीत चालते. कप वाढवला की पकड आणि लोड वाढतो, मागची कड थोडी कापली की लोड आणि मागची लिफ्ट दोन्ही उतरतात. फक्त बेरिलियमची धूळ फुफ्फुसाला खरोखर घातक आहे, आजार बरा न होणारा आहे, त्यामुळे सुकं घासायचं नाही, पाण्याखाली ओलं घासायचं, धुळीसाठीचा चांगला मास्क घालायचा, ओला कचरा पुसून फेकायचा आणि घरात मुलांच्या आसपास हे काम करायचंच नाही. हे जमत नसेल तर तयार धार लावलेला प्रॉप घ्या किंवा स्टीलचा घ्या, थोडा फरक पडला तर पडू दे.

स्ट्रट. सुरुवात नेहमी शून्य अँगलने, म्हणजे बोटीच्या तळाला समांतर. शाफ्टचा मागचा टोक खाली असेल तर ढकल पुढे आणि वर जाते, शेपूट उचललं जातं आणि नाक दबतं. मागचा टोक वर असेल तर शेपूट दबतं, नाक वर येतं. खोलीचंही तसंच, स्ट्रट खाली नेला की बोट मागून उंच होऊन चपटी चालते, वर घेतला की मागे बसते आणि हवा खाते. नाक सतत उडतंय तर आधी स्ट्रट थोडा खाली घ्या, मग वजन पुढे सरकवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कोणामुळे काय झालं ते कधीच कळत नाही. फ्लेक्स केबलमध्ये स्ट्रट आणि ड्राइव्ह डॉगच्या (प्रॉपला फिरवणाऱ्या शाफ्टवरच्या कडीच्या) मध्ये 3 ते 6 मिमी जागा सोडायला विसरू नका, लोडखाली केबल आखडते आणि जागा नसली तर थ्रस्ट सगळा स्ट्रटवर जातो.

टर्न फिन उजव्या स्पॉन्सनवर असतो कारण रेसमध्ये बोटी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, उजवीकडे वळतात. तो वाकडा बसला तर सरळ रेषेत कायम एका बाजूला ओढतो आणि तुम्ही रडरने ते भरत बसता, म्हणजे दोन ब्रेक एकदम लावून चालवताय. कित्येक बोटींमध्ये याच एका गोष्टीत वेग अडकलेला असतो आणि ती सरळ करायला फक्त स्केल आणि पाना लागतो.

मधलं एक क्षेत्र उरतं, ट्यून्ड पाइप. मी त्याला सेटअपमध्येच धरतो, कारण इंजिन न उघडता ते बदलता येतं. पाइप छोटा केला की पीक वरच्या आरपीएमला जातं, लांब केला की खालून जोर मिळतो आणि वरती थांबतं. हेडरच्या (सिलिंडरला जोडलेल्या एक्झॉस्ट नळीच्या) सिलिकॉन कपलरमध्ये पाइप आतबाहेर सरकवायचा, एका वेळी 3 ते 5 मिमी, मार्करने खूण करून. टर्नमधून बाहेर येताना बोट पाइपवर यायला उशीर होतोय तर लांब करा. सरळच्या शेवटी आवाज वाढायचा थांबतोय आणि प्रॉप हलका आहे हे नक्की असेल तर छोटा करा. प्रॉप, पाइप, नीडल (कार्बचे इंधन कमी-जास्त करणारे स्क्रू) हे तिघं एकत्र चालतात, त्यातला एक बदलला की बाकी दोघांकडे परत बघावं लागतं.

नीडलवर थोडक्यात: लो आणि हाय दोन्ही साधारण सव्वा ते दीड फेरा उघडून सुरुवात करा, रिच (इंधन जास्त) बाजूला, आणि हाय नीडल पाण्यावर लोडखालीच बघा, स्टँडवर नाही. तिथे ट्यून केलेली बोट पाण्यावर लीन होते (इंधन कमी पडतं). फुल थ्रॉटलला बोट पळवून तिथेच बंद करायची, किनाऱ्यावर आणून प्लग आणि पिस्टनवरचा रंग बघायचा. तेल 25:1 म्हणजे लिटरला 40 मिली, मॉडिफाय केलेल्या इंजिनला तर याच्याखाली मी जाणार नाही. जॅकेटमधून बाहेर पडणारं पाणी कोमट असावं. फार गार पाणी इंजिनची पॉवर घेतं, हे बऱ्याच जणांना पटत नाही पण खरं आहे.

मग इंजिन आधी कोणी करावं? ज्याची बोट दहा फेऱ्या एकसारख्या मारते, नाक उडत नाही, टर्नमध्ये घसरत नाही, प्रॉप दोन-तीन मापांत ट्राय झालेत, पाइपच्या खुणा लिहिलेल्या आहेत आणि तरी मागे पडतोय, त्याला आता इंजिनच हवंय, आणि मग नीट मोजून केलेलं पोर्टिंग सहसा वाया जात नाही. त्याच्यासाठीसुद्धा एक विचार: बोअर 36 मिमीचं जी290 घेतलं तर स्ट्रोक 28च, पण 28.5 सीसी होतात, म्हणजे 12 टक्के जास्त क्षमता, आणि आरपीएम फार वर नेण्याची घाई नाही. टॉर्क खालून मिळतो, बेअरिंगवर ताण कमी, स्टार्टही सहज. हौशी चालवणाऱ्याला मी पोर्ट केलेल्या 26 पेक्षा साधं 28.5 सुचवीन. रेस करणार असाल तर मात्र आधी तुमच्या क्लबच्या क्लासचे नियम वाचा, क्षमतेची मर्यादा आणि इंजिनमध्ये काय बदल चालतात ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, आणि एकदा घासलेलं सिलिंडर स्टॉक क्लासमध्ये परत जात नाही. सेटअपचं काम मात्र कुठल्याही क्लासमध्ये घेऊन जाता येतं.

दोन्ही रस्त्यांची बिघाडाची बाजूही वेगळी आहे. सेटअप चुकला तर बोट उलटते, पाणी आत जातं, प्लग काढून इंजिन ओतायचं, सुकवायचं, रेडिओ बॉक्स बघायचा, संध्याकाळी परत पाण्यात. इंजिन चुकलं तर पिस्टन-सिलिंडर जातं, कधी रॉडही. म्हणून किल स्विच आणि फेलसेफ दोन्ही बसलेले आणि तपासलेले असू द्या, कुठलाही रस्ता घेतलात तरी: सिग्नल गेला की थ्रॉटल बंद आणि इंजिन बंद, काठावर माणसं उभी असतात. रेझिस्टर प्लग वापरा, नाहीतर स्पार्कचा त्रास रेडिओला होतो.

सेटअपने सुरू करणार असाल तर पहिल्या दिवशी टर्न फिन आणि रडर स्केलने सरळ करा, स्ट्रट शून्यावर आणा, हातातला प्रॉप बॅलन्स करा आणि फक्त तेवढ्यावर चालवून बघा. पुढचा प्रॉप कुठला घ्यायचा ते त्या फेऱ्यांनंतर ठरवा: इंजिन दबल्यासारखं वाटलं तर एक माप खाली, सुटून ओरडत असेल तर एक माप वर.