पोर्टेबल स्टेशन: एंड-फेड की लिंक डायपोल?

हॅम रेडिओचं (हौशी रेडिओचं) स्टेशन बाहेर नेताना कोणती अँटेना घ्यायची? ४० मीटर बँडची (सुमारे ४० मीटर तरंगलांबीची) एंड-फेड हाफ-वेव्ह, म्हणजे एका टोकाला केबल जोडलेली अर्ध्या तरंगलांबीची अँटेना: साधारण २० मीटरची एकच वायर आणि टोकाला केबलशी मेळ साधणारा ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर. वायरचं दुसरं टोक झाडावर चढवलं की ४०, २०, १५ आणि १० मीटर हे चारही बँड अँटेना खाली न घेता मिळतात. स्पर्धेत बँड पटापट बदलायचे असतात, तिथे हिला तोड नाही. मात्र हिच्यात कोॲक्सची (रेडिओ ते अँटेना जाणाऱ्या केबलची) बाहेरची बाजूच काउंटरपॉइज, म्हणजे अँटेनाच्या करंटची परतीची वाट, होते. मग माइकला हात लागताच एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते याचं माप) हलतो, कधी कीयर (मोर्स संकेत बनवणारं उपकरण) आपोआप डिट, म्हणजे ठिपके, सोडू लागतो. हे थांबवायला रेडिओजवळ फेराइट रिंगवर कोॲक्सचे ८-१० वेढे घाला. १०० वॅटवर डिजिटल मोड चालवताना ट्रान्सफॉर्मरचा छोटा कोअर तापतो, एसडब्ल्यूआर चढत जातो. पॉवर लगेच कमी करा.

लिंक डायपोल म्हणजे मध्ये केबल जोडलेली दोन बाजूंची वायर; बाजूंमधल्या लिंक (उघडता येणारे जोड) उघडून तिची लांबी बँडप्रमाणे कमी करतात. तिला तो ट्रान्सफॉर्मरच नाही, त्यामुळे तेवढा तोटा वाचतो. एकूण लांबी मीटरमध्ये: १४३ भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी. १४.०६० मेगाहर्ट्झला (२० मीटर बँड) प्रत्येक बाजू सुमारे ५.०८ मीटर, कापताना १५ सेंटिमीटर जास्तच ठेवा. बँड बदलायला मास्ट (अँटेनाचा भागाभागांनी उघडणारा खांब) उतरवून दोन्ही बाजूंच्या लिंक उघडाव्या लागतात. एकच उघडली तर एसडब्ल्यूआर बिघडतो, म्हणून आधी तेच तपासा. मधल्या कोॲक्सच्या वजनाने मास्टचं बारीक टोक वाकतं, त्यामुळे वरचे एक-दोन भाग न उघडलेलेच बरे.

५ वॅटवर एकाच बँडवर बसायचं असेल, तर डायपोलच घ्या.