मायक्रो की इम्युनो? एमएस्सीचा प्रकल्प निवडण्याआधी

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पाचे गाईड ठरतात, आणि त्याबरोबर पुढची वाटही बऱ्याच अंशी ठरते. पदवीवर ‘मायक्रोबायॉलॉजी’ हे एकच नाव येतं. पण वर्षभर जिवाणू वाढवलेला (मायक्रोचा) विद्यार्थी आणि वर्षभर पेशी नि अँटिबॉडींबरोबर काम केलेला (इम्युनोचा, म्हणजे रोगप्रतिकारशास्त्राचा) विद्यार्थी मुलाखतीला बसले की दोन वेगळ्या विषयांचे वाटतात.

पुण्यातल्या विद्यार्थ्यांसाठी आमचं मत आधीच सांगतो. विषय कोणता आवडतो हे पाहाच, पण त्याहून जास्त हे पाहा की कोणत्या प्रकारची चूक तुम्ही शांतपणे शोधू शकता. मायक्रोतली चूक बहुतेक वेळा डोळ्यांना दिसते. इम्युनोतली चूक आकड्याचं रूप घेऊन येते, आणि तो आकडा खरा वाटतो.

उत्तर कधी दिसतं

ई. कोलाय ३७ अंशांवर, भरपूर पोषक माध्यमात साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. संध्याकाळी स्ट्रीक केलं (प्लेटवर रेघा ओढून जिवाणू लावले) की सकाळी कॉलन्या हजर. चुकलं असेल तर तेही सकाळीच कळतं आणि त्याच दिवशी पुन्हा लावता येतं. मायक्रोचा हा सर्वांत मोठा फायदा: एका सत्रात एकच प्रयोग दहा वेळा करून हात बसवता येतो.

हात बसवावाच लागतो. ग्रॅम स्टेनिंग एफवायपासून केलेलं असतं, तरी प्रकल्पात तेच फसवतं. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, ९५ टक्के अल्कोहोल १० ते १५ सेकंद, मग सॅफ्रॅनिन. अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिलं की एरवी जांभळा राहणारा ग्रॅम पॉझिटिव्हही गुलाबी दिसतो. कल्चर २४ तासांपेक्षा जुनं असेल तर बॅसिलस अर्धा जांभळा, अर्धा गुलाबी दिसतो आणि विद्यार्थी ‘मिक्स कल्चर आहे’ असं लिहून मोकळा होतो. आधी १८ तासांचं ताजं कल्चर घ्या, शेजारी ओळखीचा स्टॅफिलोकॉकस आणि ई. कोलाय एकाच स्लाइडवर ठेवा, मगच निष्कर्ष लिहा.

मोजणीतही तसंच. समजा एक लाख पट विरल केलेल्या नमुन्याचं ०.१ मिली प्लेटवर पसरलं आणि ६४ कॉलन्या आल्या. उत्तर मिलीला ६ कोटी ४० लाख. प्रॅक्टिकलच्या अनेक जर्नलांत ते ६४ लाख असतं, कारण ०.१ मिलीचा दहापट गुणाकार विसरलेला असतो. ३० ते ३०० कॉलन्यांच्या बाहेरची प्लेट मोजणीत धरायची नाही, हा नियम पाठ असूनही ११ कॉलन्यांच्या प्लेटची सरासरी काढली जाते.

इम्युनोत उत्तर असं समोर येत नाही. एलायझाचं, म्हणजे अँटिबॉडी रंगावरून मोजणाऱ्या चाचणीचं, उदाहरण घ्या. पहिल्या दिवशी प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये (खळग्यात) १०० मायक्रोलिटर अँटिजेन (ज्याला अँटिबॉडी चिकटते तो पदार्थ), पीएच ९.६ च्या कार्बोनेट-बायकार्बोनेट बफरमध्ये, रात्रभर ४ अंशांवर. दुसऱ्या दिवशी पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) ०.०५ टक्के ट्वीन-२० हे साबणासारखं रसायन घालून धुणं, बीएसए या प्रथिनाने ब्लॉकिंग (रिकामी जागा झाकणं), सिरम, पुन्हा धुणं, एचआरपी हे एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी, पुन्हा धुणं, मग त्या एन्झाइमने निळं होणारं टीएमबी. निळा रंग आला की आम्लाने थांबवायचं आणि पिवळा झालेला रंग ४५० नॅनोमीटरवर वाचायचा. शेवटी हातात ०.८४२ असा आकडा येतो. तो रोगजंतूविरुद्धच्या अँटिबॉडीचा आहे की नीट न धुतलेल्या वेलचा, हे आकड्यावरून कळत नाही. ते फक्त ब्लँक (नमुना न घातलेली वेल) आणि कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) सांगतात.

म्हणून इम्युनोत कंट्रोलवर कंजुषी चालत नाही, आणि तिथेच जागा जाते. ९६ वेलच्या प्लेटमध्ये ७ स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचे नमुने) दोन-दोनदा म्हणजे १४ वेल, ब्लँक २, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कंट्रोल ४. उरल्या ७६, म्हणजे दुहेरी लावून ३८ नमुने. ‘एका प्लेटमध्ये ९० नमुने बसवू’ असं जो म्हणतो, त्याचा प्रकल्प व्हायव्हात अडकतो.

आणखी दोन नेहमीच्या चुका. बफर टिकावा म्हणून कुणी सोडियम अझाइड घातलेलं असतं आणि तेच धुण्याच्या बफरमध्ये येतं. अझाइड एचआरपीचं काम बंद पाडतं, रंगच येत नाही, आणि दोष अँटिबॉडीला दिला जातो. दुसरी, प्लेटच्या कडेच्या वेल आतल्या वेलपेक्षा लवकर तापतात आणि सुकतात. सगळे रुग्णांचे नमुने कडेला आणि निरोगी नमुने मध्ये लावले तर फरक आजाराचा न राहता जागेचा होतो. नमुने विखरून लावा आणि प्लेटवर सील चिकटवा.

माध्यम, पेशी आणि पैसा

न्यूट्रिएंट अगर साधारण लिटरला २८ ग्रॅम लागतो. ५०० ग्रॅमच्या डब्यातून सुमारे १७.८ लिटर माध्यम आणि २० मिलीच्या जवळपास ८९० प्लेटा निघतात. प्लेट वाया गेली तर हळहळ वाटते, प्रकल्प थांबत नाही. पेशींच्या माध्यमात १० टक्के एफबीएस (गायीच्या गर्भाच्या रक्तातलं सिरम) लागतं. ५०० मिलीच्या बाटलीतून ५ लिटर माध्यम होतं, आणि ती एक बाटली हजारोंत जाते. त्यामुळे इम्युनोच्या लॅबमध्ये विद्यार्थ्याला पहिले काही आठवडे फक्त बघायला लावतात. हा अपमान नाही. एका झाकणाच्या चुकीने सगळ्यांच्या फ्लास्कमध्ये बुरशी जाऊ शकते, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर दमट हवेत ही काळजी जास्त घ्यावी लागते.

मायक्रोत स्वस्ताईमुळे येणारी एक चूक मात्र गंभीर आहे. अँटिबायोटिक डिस्कसाठी म्युलर-हिंटन अगरची जाडी ४ मिमी हवी. ९० मिमीच्या प्लेटला त्यासाठी सुमारे २५ मिली लागतं. माध्यम पुरवण्यासाठी १५ मिली ओतलं की थर पातळ होतो, औषध बाजूला जास्त पसरतं, झोन (डिस्कभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) मोठा येतो, आणि रेझिस्टंट जिवाणू सेन्सिटिव्ह म्हणून नोंदवला जातो. कल्चरची घनता ०.५ मॅकफर्लंड (गढूळपणाचं प्रमाण), म्हणजे मिलीला साधारण १५ कोटी, आणि ते १५ मिनिटांच्या आत पसरलेलं असावं. गर्दी कमी असली तरी झोन फुगतो. अँटिबायोटिक रेझिस्टन्सवरचे विद्यार्थी-प्रकल्प या दोन कारणांनी सर्वांत जास्त बिघडतात.

ऑटोक्लेव्हबद्दल (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) पुण्यापुरती एक गोष्ट. १५ पौंड दाबाला १२१ अंश हे समीकरण समुद्रसपाटीचं आहे. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून काट्यावर १५ पौंड दिसत असताना आत सुमारे १ अंश कमी भरतं. एवढ्याने आभाळ कोसळत नाही, पण दाबाच्या काट्यापेक्षा तापमानावर लक्ष ठेवा. त्याहून मोठा दोष म्हणजे आतली हवा पूर्ण बाहेर न काढता झडप बंद करणं, आणि २ लिटरच्या फ्लास्कला टेस्ट ट्यूबइतकीच १५ मिनिटं देणं. दुसऱ्या दिवशी सगळ्या प्लेटांवर एकाच प्रकारच्या कोरड्या, सुरकुतलेल्या कॉलन्या आल्या तर हवेला दोष देण्याआधी बॅसिलसच्या बीजाणूंचा संशय घ्या.

पेशींच्या बाजूला असा दिसणारा शत्रू कमी आणि न दिसणारा जास्त. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूने माध्यम गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली तो दिसत नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही जाऊ शकतो. पेशी जिवंत राहतात, फक्त वेगळ्या वागतात. सायटोकाइनचे (पेशींच्या संदेशवाहक प्रथिनांचे) आकडे बदलतात आणि तुम्ही त्यावर प्रबंध लिहिता. पीसीआरने किंवा डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने महिन्याला तपासणी करणारी लॅब निवडा.

रक्ताचं काम आणि कॅलेंडर

इम्युनो घेणाऱ्यांपैकी बरेच जण रक्तातून पीबीएमसी (एक केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या करतात. रक्त पीबीएसमध्ये समप्रमाणात विरल करून १.०७७ घनतेच्या फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रावणावर) हळूच थर द्यायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट जोर), ३० मिनिटं, खोलीच्या तापमानाला, ब्रेक बंद. यात तीन ठिकाणी बिघडतं. थर देताना ट्यूब तिरकी नसेल तर रक्त फायकॉलमध्ये मिसळतं. ब्रेक चालू राहिला तर थांबताना पांढरा थर विस्कटतो. आणि सर्वांत जास्त वेळा, ‘४०० जी’ हे आकडे आरपीएम समजून लावले जातात. १६ सेमी त्रिज्येच्या रोटरला ४०० जी म्हणजे साधारण १५०० आरपीएम, १० सेमीच्या रोटरला साधारण १९००. दुसऱ्या लॅबचा प्रोटोकॉल घेताना त्यांच्या रोटरची त्रिज्या विचारा. नीट जमलं तर मिलीभर रक्तातून सुमारे १० लाख पेशी मिळतात. म्हणून ५ मिली रक्तात सहा प्रकारचे उपचार, तीन वेळा, असा आराखडा आधी कागदावर बसवून बघा.

माणसाचं रक्त वापरायचं तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, आणि ती यायला काही महिने जाऊ शकतात. हेपटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी घेतात. जानेवारीत रक्त हाताळायचं असेल तर पहिला डोस जुलैत हवा. चौथ्या सत्रात हे सुचलं तर उशीर झालेला असतो. मातीतले, सांडपाण्यातले किंवा दह्यातले जिवाणू घेणाऱ्याला यातलं फारसं काही लागत नाही. तो ऑगस्टमध्येच कामाला लागतो. मुठेच्या पाण्यातून फाज (जिवाणूंना मारणारे विषाणू) वेगळे काढण्यासारखा प्रकल्प एका सत्रात पूर्ण होऊ शकतो: पाणी आणि यजमान जिवाणू रात्रभर एकत्र वाढवायचे, गाळायचं, ०.७ टक्के मऊ अगरच्या थरात ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी पारदर्शक ठिपके मोजायचे.

आठवड्याचाही विचार करा. पेशींना उत्तेजन देऊन २४, ४८, ७२ तासांनी नमुने घ्यायचे असतील तर सोमवारी सुरुवात करा, गुरुवारी संपतं. गुरुवारी सुरू केलं की ७२ तास रविवारी भरतात. पुण्यात देखभालीसाठी पाणी बंद राहिलं तर तो दिवस बहुधा गुरुवार असतो, म्हणून डिस्टिल्ड वॉटर बुधवारी भरून ठेवा. दोन्ही बाजूंना हे लागू आहे. कोथरूडला राहून भोसरीच्या लॅबमध्ये काम करणार असाल तर रात्री ९ च्या टाइम पॉइंटनंतर घरी कसं जाणार, हेही आधी ठरवा.

अभ्यास आणि परीक्षा

मायक्रोत पाठांतर जास्त, पण धडे बरेचसे स्वतंत्र असतात. एखादा राहिला तरी पुढचा समजतो. इम्युनो जिन्यासारखा आहे. एमएचसी (पेशीवर अँटिजेनचे तुकडे दाखवणारी प्रथिनं) समजला नसेल तर टी पेशी समजत नाहीत, आणि टी पेशींशिवाय टॉलरन्स (स्वतःच्या पेशींवर हल्ला न करणं) नुसता शब्द राहतो. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल रेग्युलेटरी टी पेशींवरच्या कामाला मिळालं. ते काम समजून घेता येतं का, ही स्वतःची चांगली परीक्षा आहे. सीडी क्रमांकांची (पेशींवरच्या खुणांची) यादी पाठ करून इम्युनो येत नाही. कोरा कागद घ्या, एका विषाणूचा शिरकाव ते मेमरी पेशी असा प्रवास बाणांनी काढा, आणि जिथे हात थांबेल तिथून वाचायला लागा.

सीएसआयआर नेटच्या लाइफ सायन्सेसमध्ये इम्युनो चौथ्या घटकात, पेशींच्या संदेशवहनाबरोबर येतं. एकूण २०० गुणांपैकी १०० गुण ‘क’ भागाचे, ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे. तिथे प्रयोगाचा निकाल देऊन कारण विचारतात, आणि इम्युनोत हात घातलेल्यांना याचा फायदा होतो. गेटच्या एक्सएल पेपरमध्ये उलट मायक्रोबायॉलॉजी हा ३० गुणांचा स्वतंत्र विभाग निवडता येतो.

पुण्यात कुठे काय

या बाबतीत पुण्यातल्या विद्यार्थ्याचं नशीब खरोखर चांगलं आहे. मायक्रोकडे कल असेल तर एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह एनसीआयएम, एनसीसीएस या पेशीविज्ञान केंद्राचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था. इम्युनोकडे असेल तर विद्यापीठाच्या आवारातलं एनसीसीएस, पाषाणचं आयसर, भोसरीची पूर्वीची नारी (एड्स संशोधन संस्था). विषाणूंसाठी १९५२ साली सुरू झालेली एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था). या संस्थांमध्ये जागा मोजक्या असतात, म्हणून ईमेल मे महिन्यातच जायला हवा, आणि त्यात ‘मला संशोधनाची आवड आहे’ याऐवजी त्या गटाच्या एखाद्या ताज्या पेपरमधल्या एका आकृतीबद्दल नेमका प्रश्न असावा.

नोकरीचा हिशोब साधा आहे. पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, हडपसरला १९६६ पासून लशी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट, हिंजवडीत नव्या बायोटेक कंपन्या. क्वालिटी कंट्रोलमध्ये मायक्रोला जागा जास्त असतात: १४ दिवसांची स्टेरिलिटी टेस्ट, एन्डोटॉक्सिनची (जिवाणूंच्या भित्तीतल्या विषाची) एलएएल टेस्ट, स्वच्छ खोल्यांमध्ये हवेतले जंतू पकडायला ४ तास उघड्या ठेवलेल्या सेटल प्लेटा. एमएस्सीनंतर लगेच पगार हवा असेल तर मायक्रो घ्या. पीएचडी करायचीच असेल, किंवा लशीच्या पोटेन्सीचं, अँटिबॉडी औषधांचं काम करायचं असेल, तर इम्युनो घ्या, पण हे काम जिथे आधीपासून नीट चालू आहे तिथेच. पेशींचं कल्चर पहिल्यांदाच उभं करू पाहणाऱ्या लॅबमध्ये एका वर्षाचा प्रकल्प घेऊ नका. तुमचं वर्ष इनक्युबेटर स्वच्छ करण्यात जाईल.

गाईडना भेटायला जाल तेव्हा तीन गोष्टी बघून या. ऑटोक्लेव्हची नोंदवही रोज भरलेली आहे का. मायकोप्लाझ्माची शेवटची तपासणी कधी झाली. आणि गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातल्या एलायझाच्या आकृतीत ब्लँक आणि निगेटिव्ह कंट्रोल दाखवलेले आहेत का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर त्या लॅबमध्ये मायक्रोचा प्रकल्प मागा.