मंडळ की लवाद: ओढा काळा झाला तर अर्ज कुठे?

एमआयडीसीच्या कुंपणाबाहेरचा ओढा रात्री काळा वाहू लागला, विहिरीवर तवंग दिसू लागला, की गावात पहिला वाद हाच होतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करायची, की पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाकडे थेट जायचं? दोघांचे अधिकार काय, हे साधारण सगळ्यांना ठाऊक असतं. अडतं ते तपशिलात.

विसर्ग ताजा असेल तर मंडळाइतकं जवळचं दुसरं कुणी नाही. उपप्रादेशिक कार्यालयाला फोन करावा आणि लगेच मराठीतच ईमेल टाकावा. कोणत्या पाइपातून, किती वाजता, कसल्या रंगाचं पाणी, हे लिहावं आणि ठिकाण-वेळेचा शिक्का असलेला फोटो जोडावा. क्षेत्र अधिकारी त्याच रात्री आला तर नमुना हाती लागतो. दोन दिवसांनी आला तर ओढ्यात साधं पाणी असतं आणि अहवालात ‘पाहणीवेळी विसर्ग आढळला नाही’ एवढंच येतं. मंडळाच्या हातातली हत्यारं मात्र खरी आहेत. जल प्रदूषणाविरुद्धच्या जल कायद्याच्या कलम ३३अ खाली कारखान्याचं वीज-पाणी तोडता येतं, संमतीपत्रासोबत (कारखाना चालवायला मंडळ देतं ती परवानगी) घेतलेली बँक हमी जप्त करता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण मंडळांना नुकसानभरपाई वसूल करण्याचा अधिकारही मान्य केला.

नमुन्याबद्दल थोडं सविस्तर, कारण प्रकरणं बहुतेक इथेच ढिली पडतात. खटल्यात टिकणारा नमुना जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणेच घ्यावा लागतो: कारखान्याला नोटीस, नमुन्याचे दोन भाग, दोन्ही सीलबंद, दोन्हींवर सह्या. गावाने स्वतः भरलेली बाटली तिथे चालत नाही. लवाद पुरावा कायद्याने बांधलेला नाही, त्यामुळे एनएबीएल (राष्ट्रीय मान्यता) असलेल्या प्रयोगशाळेचा खासगी अहवाल तिथे निदान प्रकरण उभं करायला उपयोगी पडतो. पण तो नीट घेतलेला हवा. पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते याची दोन मापं असतात: रसायनांनी मोजलेलं ते सीओडी, जिवाणूंकडून मोजलेलं ते बीओडी. सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणावा. बीओडीच्या बाटलीत आम्ल अजिबात घालू नये, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी. तेलासाठी काचेची वेगळी बाटली घ्यावी. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून दोन दिवस घरात राहिलेल्या नमुन्याचा बीओडी कमी दिसतो आणि त्याचा फायदा कारखान्यालाच होतो. ओढ्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला बीओडी ३० आणि सीओडी २५० मिलिग्रॅम अशी आहे. तरी त्या कारखान्याचं संमतीपत्र आधी पाहावं, अट त्याहून कडक असू शकते.

लवादाकडे भरपाई मागितली नसेल तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये असतं. मागितली असेल तर रकमेच्या १ टक्का, पण किमान १,०००. वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं. त्रास कागदांचा आहे: कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे पंचनामा, ग्रामसभेचा ठराव, मराठी पत्रव्यवहार, सगळ्याचं भाषांतर जोडावं लागतं. वेळेचाही भरवसा नाही. ६ महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, पण तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये केलेल्या अर्जाचा निकाल जानेवारी २०२२ मध्ये लागला. आणि लवाद बहुधा संयुक्त समिती नेमतो, म्हणजे नमुना घ्यायला पुन्हा मंडळाचाच माणूस ओढ्यावर येतो.

मग फरक काय पडला? तो माणूस आता तारीख घेऊन येतो. अहवाल अमुक दिवसापर्यंत द्यायचाच असतो आणि तो अर्जदारालाही मिळतो. मंडळाकडच्या तक्रारीला अशी तारीख नसते, आणि माझ्या लेखी पारडं फिरतं ते याच एका गोष्टीने. लवाद कायद्याच्या कलम १४ ची मुदत वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिन्यांची आहे, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. मंडळाशी पत्रव्यवहार चालू होता म्हणून ती मुदत थांबत नाही. तक्रार, पाहणी, प्रयोगशाळा यांत दोन महिने सहज जातात. अहवाल मिळत नाही म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज केला की ३० दिवस, पहिल्या अपिलाला आणखी ३० ते ४५. नंतर कारणे दाखवा नोटीस, तिचं उत्तर, पुन्हा पाहणी. फाइल जाड होते आणि ६ महिने संपतात. विसर्ग रोजच चालू आहे, असा युक्तिवाद करता येतो, पण समोरचा वकील पहिला आक्षेप मुदतीचाच घेतो. ‘आपल्याला ५ वर्षं आहेत’ असं ऐकून पुष्कळ गावं गाफील राहतात. ती ५ वर्षं कलम १५ खालच्या भरपाई आणि पुनर्स्थापनेसाठी आहेत.

एकाच रात्रीचा प्रकार असेल, टँकरने रसायन ओतलं असेल, तर मंडळच बरं, त्यात मला शंका वाटत नाही. विसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर तक्रार मंडळाकडेच करावी, पण तिची पोच लवादाच्या अर्जाला जोडायची आहे असं समजून. साठाव्या दिवशी विश्लेषण अहवाल हातात नसेल तर वाट पाहू नये, अर्ज दाखल करावा.

त्या अर्जात कारखान्यासोबत मंडळ, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्हाधिकारी यांनाही प्रतिवादी करावं. नुसतं ‘प्रदूषण थांबवा’ अशी मागणी केली तर ‘मंडळाने तक्रारीचा विचार करावा’ एवढ्यावर अर्ज निकाली निघू शकतो. समितीत मंडळाबाहेरचा तज्ज्ञ हवा, पाहणीची आगाऊ सूचना अर्जदाराला हवी, नमुना पाइपाच्या तोंडाशी आणि ओढ्यात वर-खाली असा तीन ठिकाणी हवा, हे मागणीतच लिहावं.

आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. केंद्रीय मंडळाच्या सूत्रात भरपाई दिवसांवर मोजली जाते: लाल म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या वर्गातला (गुणांक ८०) मोठा कारखाना (१.५), दहा लाखांहून कमी वस्तीचं ठिकाण (१) आणि सुचवलेला २५० रुपयांचा दर धरला, तर ८० × २५० × १.५ म्हणजे दिवसाला ३०,००० रुपये. किती दिवस धरायचे यावर भांडण होतं तेव्हा तारीख, वेळ आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असलेली वहीच गावाच्या बाजूने बोलते.