मंक की करमचंद?

ऐरोलीच्या मावसबहिणीचा प्रश्न: रात्री जेवताना कुठला विनोदी गुप्तहेर लावू?

वेळ म्हणशील तर अमेरिकी मालिका 'मंक' (२००२–२००९) आठ सीझन, १२५ भाग. दूरदर्शनचा १९८५चा 'करमचंद' त्यामानाने चिमुकला.

हसू? पंकज कपूरचा करमचंद गाजर कुरतडत सहायिका किटीला गप्प करतो, मजा संवादांची. टोनी शालूबचा मंक हस्तांदोलन झालं रे झालं की सहायिकेपुढे तळवा धरतो, वेट वाइपसाठी. आपण खिदळतो, आणि बायकोच्या खुनाने माणूस मोडलाय हे आठवून घास अडतो. (माझा तरी.)

रहस्यात मंकच सरस. छळणारी टापटिपीची खोडच त्याला पुरावा दाखवते.

मावशी-काका सोबत असतील तर करमचंद. भांडी आवरून एकटीच बसणार असशील तर मंक.