ठिबकचा किट, अख्खा उन्हाळा वापरून: टायमर उत्तम, ड्रिपरने मात्र जीव खाल्ला

परसातल्या भाजीला ठिबक लावून आता पूर्ण उन्हाळा झाला. लिहायचं कधीपासून मनात होतं, पण परवा कस्टमर केअरशी जे बोलणं झालं त्यानंतर म्हटलं आता लिहूनच टाकते. किटमध्ये काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे, १६ एमएमची मेन नळी, ४ एमएमच्या बारीक नळ्या, तासाला ४ लिटरवाले ड्रिपर (झाडाच्या बुंध्याशी थेंब थेंब पाणी सोडणारे छोटे तुकडे), जाळीचा फिल्टर आणि बॅटरीवरचा टायमर, त्यामुळे डब्यात काय निघालं ते सांगत बसत नाही.

सुरुवातीला मी खरंच खूष होते. भेंडी, वांगी, टोमॅटो, मिरची आणि मांडवावर काकडी. पहाटे पाणी आपोआप सुरू, पाणी फक्त बुंध्याशी, पानं कोरडी, मधल्या जागेत तण जवळपास नाहीच. काकडी तर इतकी छान आली, एकही कडू नाही, कारण पाण्याचा ताण पडला की तिच्यात कडवटपणा वाढतो आणि इथे ताण पडतच नव्हता. भेंडी फूल उमलल्यावर चार ते सहा दिवसांत काढावीच लागते नाहीतर दोरे धरते, पण पाण्यात जाणारा वेळ वाचल्यामुळे सकाळी तोडायला निवांत मिळायचं.

मग टोमॅटोची बुडं काळी पडायला लागली. आधी बुडाशी पाणचट डाग, मग तो चपटा होऊन आत बसतो, वरची साल चामड्यासारखी. जो तो म्हणतो कॅल्शियम घाला, अंड्याची टरफलं घाला. पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच, ते पाण्याबरोबर झाडात चढतं आणि पाणी कधी भरपूर कधी काहीच नाही असं झालं की फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. म्हणजे गडबड पाण्यात, आणि पाणी तर टायमर देतोय! म्हणून एकेका ड्रिपरखाली वाडगा ठेवून मोजायला बसले. इथे एक लक्षात घ्या, ४ लिटर हा आकडा १ बार दाबाला असतो. टाकी ४ मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.४ बार मिळतो, मग साधा ड्रिपर तासाला अडीच लिटरच्या आसपासच देतो, म्हणजे अर्ध्या तासात सव्वा लिटर. काही वाडग्यांत तेवढं होतं. टोमॅटोच्या ओळीत मात्र तळाशी थेंबभर, एकदोन तर कोरडेठाक.

ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली. एक ब्लेडने चिरून बघितला. आत पाण्याला नागमोडी वाट असते, त्यानेच वेग कमी होतो, आणि ती वाट क्षाराने गच्च भरलेली. फिल्टर वाळू अडवतो, पाण्यात विरघळलेला क्षार त्यातून आरामात जातो. काळी नळी उन्हात तापते, तापलेल्या पाण्यातून क्षार जास्त सुटतो, आणि पाणी बंद झाल्यावर तोंडाशी राहिलेला थेंब वाळला की खपली तयार. रोज थोडी थोडी.

आता माझा खरा राग. हा ड्रिपर उघडताच येत नाही!! पूर्ण पॅक. टोपी फिरवून उघडणारे ड्रिपर बाजारात सर्रास मिळतात, किमतीत नावाला फरक, मग उन्हाळ्यात वापरायच्या वस्तूत हे पॅक ड्रिपर कशासाठी? कस्टमर केअरचं उत्तर, तुमचं पाणी क्षाराचं आहे, वॉरंटीत बसत नाही. ठीक, मग सुटे ड्रिपर द्या, पैसे देते. तर सुटे मिळत नाहीत, पूर्ण किट घ्या. अहो, नळ्या चांगल्या, टायमर चांगला, सगळे जॉइनर चांगले, आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकड्यासाठी अख्खा किट परत घ्यायचा? चांगली वस्तू कचऱ्यात टाकायला सांगणं मला अजिबात पटत नाही आणि मी तसं त्यांना स्पष्ट सांगितलं.

व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून बघितले, बुडबुडे आले, थोडे सुटले. बाकीच्यांत हवा अडकून व्हिनेगर आत शिरतच नव्हतं, मग सिरिंजने ढकललं, त्यातून अजून काही वाचले. शेवटी टोमॅटोच्या ओळीला दुसरीकडून टोपीवाले आणून लावले, त्याच नळीत बसले. आता अधूनमधून टोपी फिरवायची, आतली चकती धुवायची, परत लावायची, पाच मिनिटांचं काम. त्यानंतर धरलेल्या टोमॅटोंची बुडं स्वच्छ आहेत.

टायमरबद्दल मात्र मत पूर्ण बदललं. सुरुवातीला त्याची ती घर्र घर्र नकोशी वाटायची, हलका माल वाटला होता. पण तो आवाज आतला बॉल व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मोटरचा आहे, आणि त्यामुळेच तो टाकीच्या कमी दाबावर चालतो. सोलेनॉइडवाल्या, म्हणजे विजेच्या चुंबकाने झडप उघडणाऱ्या, बऱ्याच टायमरना ठराविक दाब लागतोच, नाहीतर झडप नीट उघडत-मिटत नाही. टाकीवरून पाणी घेणाऱ्यांनी हाच प्रकार घ्या. बॅटरीही अजून पहिलीच आहे.

ऐन उन्हात टोमॅटोची फुलं गळाली त्याचा दोष किटवर नाही, दिवसा ३५ अंशांच्या वर पारा गेला की फळ धरत नाही. आणि ३० च्या वर लाल रंगही नीट चढत नाही, म्हणून रंग पालटायला लागला की तोडून घरात पिकवा, मी हल्ली तसंच करते.

घेणार असाल तर डबा उघडून ड्रिपरची टोपी फिरते का ते आधी बघा, फिरत नसेल तर नळ्या आणि टायमर वेगवेगळे घ्या, स्वस्तातही पडतं. नळीच्या शेवटची एंड कॅप महिन्यातून एकदा काढून पाणी जोरात सोडा, गढूळ पाणी निघतं ते बघून पटेल. कंपनीला मी परत लेखी कळवलंय, सुटे ड्रिपर विकायला ठेवा एवढंच मागणं आहे, अजून उत्तर नाही. वांग्याच्या ओळीतले पॅक ड्रिपर अजून तसेच आहेत, तेही आता एकेक करून बदलतेय.