‘डेल्फ्टचे दृश्य’ आठ महिने गिरवताना

सतराव्या शतकातील डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याचे ‘डेल्फ्टचे दृश्य’ हे डेल्फ्ट शहराचे साधारण १६६०-६१ मधील चित्र समोर ठेवून तैलरंगात नगरदृश्य शिकण्याची पद्धत मी आठ महिने वापरली. मूळ चित्र नेदरलँड्समधील हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे आणि ते ९६.५ × ११५.७ सें.मी. एवढे मोठे आहे. मी तेच प्रमाण राखून ४० × ४८ सें.मी.चा कॅनव्हास घेतला.

पहिला कॅनव्हास वाया गेला. मी मनोरे, खिडक्या, कौले यांपासून सुरुवात केली होती; महिनाभराने सगळे तपशील जागेवर होते, पण शहर मात्र कागदी पडद्यासारखे सपाट दिसत होते. दुसऱ्या वेळी एकही खिडकी न काढता बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाच्या पातळ थरात फक्त उजेड आणि सावलीचे मोठे आकार मांडले, आणि मग या चित्राची खरी रचना उलगडली. समोरच्या वेशी ढगाच्या सावलीत आहेत, मागे नव्या चर्चचा मनोरा उन्हात आहे, आणि अर्ध्याहून अधिक चित्र आकाशाने व्यापले आहे. जवळचे गडद आणि दूरचे उजळ, या एका निर्णयावर सारी खोली उभी आहे. चित्र नुसते पाहून हे मला शंभरदा समजले असेल. हाताला मात्र ते गिरवतानाच समजले.

पाण्यातील प्रतिबिंबांनी सर्वाधिक वेळ घेतला. रॉटरडॅम वेशीच्या जोडमनोऱ्यांचे प्रतिबिंब व्हर्मीरने मुद्दाम लांबवून चित्राच्या खालच्या काठाकडे नेले आहे, हे क्ष-किरण तपासणीतून दिसून आले आहे. मी आधी ते आरशासारखे मोजून काढले, तेव्हा नदी आणि शहर एकमेकांपासून तुटले; लांबवल्यावर दोन्ही जुळले. उजवीकडच्या होड्यांवरील प्रकाशाचे ठिपकेही असेच आहेत: ते सावलीतल्या भागावर असूनही लाकूड ओले भासते. हे ठिपके घट्ट रंगाने, एकाच स्पर्शात टेकवावे लागतात. दुसऱ्यांदा कुंचला फिरवला की ते मळतात.

साहित्याविषयी थोडे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते आणि दमट हवेत ही क्रिया मंदावते, म्हणून पुण्याच्या पावसाळ्यात माझे थर फार रेंगाळले. अंबर दोन-तीन दिवसांत सुकत असे, आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग आठवडाभर चिकट राही. खालच्या थरांत तेल कमी आणि वरच्या थरांत अधिक, हा नियम न पाळल्याने आकाशाच्या एका कोपऱ्यात भेगाही पडल्या. व्हर्मीरचा शिसे-कथिलाचा पिवळा रंग विषारी असल्याने मी त्याचा आधुनिक पर्याय वापरला. मनोऱ्यावरचे ते दाणेदार, जाडसर ऊन मला त्यात अजून साधलेले नाही.

या पद्धतीची एक उणीव मला गंभीर वाटते. काय वगळायचे हे व्हर्मीरने आधीच ठरवून दिलेले असते, त्यामुळे निवड करण्याचा सराव होत नाही. गेल्या महिन्यात ओंकारेश्वराजवळ मुठेकाठी स्वतः चित्र काढायला बसलो तेव्हा तारा, फलक, गाड्या यांतले काय ठेवावे हेच सुचेना. म्हणून आता आठवड्यातले तीन दिवस गिरवणे आणि दोन दिवस नदीकाठ, अशी वाटणी केली आहे. नव्याने शिकणाऱ्यांनी ती पहिल्या महिन्यापासूनच करावी.